सत्तर टक्के वेळ पेशंटपाशी

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. वृषालीलाही नाही. (वृषाली म्हणजे बायको. हे लिहायची गरज नव्हती, पण पुढंमागं कुणी माझ्यावर संशोधन केलं तर सोय.)

कारण असं. पंचवीस तारखेला जागतिक फार्मासिस्ट दिन. बारामतीतल्या आमच्या हॉस्पिटलात कार्यक्रम आहे. रणजित सरांनी, म्हणजे आमच्या मोठ्या फिजिशियननी, आज जिन्यात गाठून विचारलं, भाषण कराल का? विषय: क्लिनिकल फार्मासिस्टचा वेळ हॉस्पिटलात कुठं जातो. मी म्हणालो, सर, सत्तर टक्के पेशंटपाशी. आकडा तोंडातून आपोआप आला. सर म्हणाले, अरे वा.

आता तो सिद्ध करणं आलं. म्हणून रोज घरी आल्यावर वेळ कुठं गेला ते इथं लिहायचं. प्रामाणिकपणे.

लोकांना माझं काम कळत नाही, हे एकदा मांडून ठेवतो. मी मेडिकलवाला नाही. फार्म.डी. आहे. नावापुढं डॉ. लावता येतं, असं आमच्या कॉलेजचे सर सांगायचे. गोळ्या विकणं हे माझं कामच नाही. डॉक्टर औषध लिहितात. ते त्या पेशंटला सोसेल का, दोन औषधं एकमेकांशी भांडतील का, डोस जास्त तर नाही, हे मी बघतो. आणि पेशंट घरी निघाला की कुठली गोळी कधी घ्यायची ते समजावून सांगतो. थोडक्यात, पेशंट आणि संकट यांच्यामधली शेवटची भिंत मीच.

गेटवरचा सिक्युरिटीवाला मला 'ओ मेडिकल' म्हणतो.

सणसरला, आमच्या गावी, मात्र मी डॉक्टर. दादांनी (वडील, रावजी) गावभर तसंच सांगितलंय. मी खोडत नाही. वडीलधाऱ्यांचा मान.

२ सप्टेंबर, मंगळवार

संकल्प होता: सकाळी राउंडला सरांच्या उजव्या हाताला उभं राहायचं.

पोचलो तेव्हा राउंड संपत आला होता. कारण: तीन हत्ती चौकातून गर्दीमुळं रस्ता वळवलेला. गणपतीत हे दरवर्षीच होतं, पण म्हणून ते कारण नाही असं होत नाही. सरांच्या उजव्या हाताला वैष्णवी सिस्टर होत्या, त्या वॉर्डच्या इन्चार्ज. डाव्या हाताला भिंत. मी मागं.

वेळ कुठं गेला: खालच्या मेडिकलमधून फोन, इन्सुलिनच्या फ्रीजचं टेंपरेचर कुणी बघायचं? मी बघितलं. मग मेडिक्लेमवाल्यांना एका इंजेक्शनचं स्पेलिंग सांगितलं. त्यांनी चुकीचंच लिहिलं, परत सांगितलं. मग एक अँटिबायोटिक शिल्लक आहे का ते बघायला खाली. होतं. ते वर सांगायला वर. तोवर सरांनी औषध बदललं होतं.

दुपारी एका पेशंटला समजावून सांगायला गेलो. तो झोपला होता. उठवलं नाही. पण त्याच्यापाशी होतो हे खरं. सत्तर टक्क्यांत धरला.

४ सप्टेंबर, गुरुवार

कुशामावशी ॲडमिट.

आईची धाकटी बहीण. वरकुट्याची. ढोबळी, भेंडी, कारली करतात. मुलगा शंभूराज स्वतःच्या टेम्पोनं माल मार्केटला नेतो. मावशीची बोटं सुजलीत, मूठ मिटत नाही, अंगात ताप. संधिवात. रणजित सर बघतायत.

माझ्या लहानपणी आई आजारी होती तेव्हा मावशीनं मला वरकुट्याला नेऊन स्वतःच्या पोरासारखं वाढवलं. पहिलीत मी तिच्या घरूनच गेलो. त्यामुळं तिची जबाबदारी मी स्वतःकडं घेतली आहे. तसं सगळ्यांना सांगितलं.

मावशीनं वॉर्डात येताक्षणी जाहीर केलं, "ह्यो माझा भाचा. हितला डाक्टर हाय." शेजारच्या खाटेवरची बाई सावरून बसली. बरं वाटलं. मग त्या बाईनं विचारलं, माझं सलाईन कवा काढणार? सिस्टरना विचारून सांगतो म्हणालो. मावशी तिला म्हणाली, मोठं डाक्टर असंच असत्यात, समद्यास्नी इचारून करत्यात.

८ सप्टेंबर, सोमवार

मावशीला डिस्चार्ज.

सरांनी नवीन गोळी चालू केली आहे. मेथोट्रेक्सेट. संधिवाताला उत्तम, पण आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर विषच. आधी तोंड येतं, मग रक्तातल्या पेशी ढासळतात. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. कॉलेजात याच प्रश्नावर सगळ्यात जास्त मार्क मिळाले होते. सर म्हणाले, सुयोग, ही गोळी तुम्ही नीट समजावून सांगा, घरचंच पेशंट आहे.

खाटेवर बसलो आणि सुरुवात केली. संधिवात म्हणजे काय, इथपासून. पाया पक्का हवा. मावशी हं हं करत होती. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर कशी उलटते, इथवर आलो आणि फोन वाजला. पंचवीस तारखेचा बॅनरवाला. फोटो कुठला टाकायचा? बाहेर गेलो. काम वेळखाऊ निघालं. 'डॉ.' मधलं टिंब खाल्लं होतं त्यानं.

परत आलो तर मावशी पिशवी घेऊन दारात. खाली टेम्पोत ढोबळी उन्हात तापत होती, शंभूराज हॉर्न मारत होता. मावशी म्हणाली, "समदं कळलं रं. नवी गोळी येकच हाय न्हवं? घेते." मी म्हणालो, हां, चिठ्ठीवर आहे तशी घे. वैष्णवी सिस्टरनी विचारलं, सगळं सांगितलं ना? मी म्हणालो, सविस्तर.

आणि सविस्तर हे खरंच आहे. प्रतिकारशक्ती समजावून सांगतं का कुणी पेशंटला?

रात्री जेवताना आठवलं, 'आठवड्यातून एकदा' हे शब्द बहुतेक म्हणायचे राहिले. फोन करणार होतो. पण चिठ्ठीवर आहेच. इंग्रजीत आहे, पण आहे. शंभूराज बारावी झालेला आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर स्लाइड्स. एक गोल चक्र केलं आहे. त्यात पेशंटपाशी गेलेला वेळ हिरवा. हिरवा रंग डोळ्यांना चांगला.

प्रश्न पडला की हा स्लाइड्सचा वेळ कशात धरायचा. हे सगळं शेवटी पेशंटच्याच हितासाठी चाललंय. हिरव्यात धरला.

उद्या मावशीला फोन.

१३ सप्टेंबर, शनिवार

मावशीला फोन केला. लागला नाही. ऊस उंच झाला की त्या बाजूला रेंज जाते असं ऐकून आहे. केला हे महत्त्वाचं.

वृषालीनं विचारलं, तू दिवसभर तिथं नक्की करतोस काय? ती शाळेत शिकवते, तिचं काम दिसतं. फळ्यावर असतं. मी म्हणालो, माझं काम दिसत नाही हेच त्याचं यश आहे. काही बिघडलं नाही म्हणजे मी काम केलं. ती म्हणाली, म्हणजे मी घरी असले तरी शाळा चालते तसं? स्लाइडसाठी वाक्य चांगलं आहे. (माझं. तिचं नव्हे.)

नवीन शर्ट शिवायला टाकला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टर जुळवत होतो तर मावशीचा फोन. म्हणाली तोंड आलंय. जीभ सोलल्यावानी झालीय, भाकरी चावत न्हाय, च्या बी झोंबतुया. मी म्हणालो, उष्णता. तिखट बंद कर, गुलकंद खा, बी-कॉम्प्लेक्सची गोळी घे. मावशी आणखी काहीतरी सांगत होती. अंगावर निळे डाग का काहीसं. प्रोजेक्टर चक्र उलटं दाखवत होता, त्यामुळं हिरवा भाग खाली गेला होता. मावशी म्हणाली, "बरं बाबा. तू म्हणतुयास तर."

फोन ठेवल्यावर काहीतरी टोचलं. काय ते कळेना. मग प्रोजेक्टर सुलटा झाला.

२२ सप्टेंबर, सोमवार

काय लिहू.

सकाळी शंभूराजनं मावशीला हातांवर उचलून आणलं. घट बसवायला म्हणून उठली आणि देव्हाऱ्यापुढं पडली. ताप. ओठ फुटून रक्त आलेलं. पाण्याचा घोट आत जाईना.

मी त्या वेळी वॉर्डात होतो. नेमका आज वेळेवर पोचलो होतो.

सरांनी विचारलं, कुठली गोळी घेताय ते दाखवा. शंभूराजनं खिशातून पट्टी काढली. ती दुसरी पट्टी होती. पहिली संपली म्हणून त्यानं इंदापुरातून नवी आणली होती. त्या दुकानदारानं तरी विचारायला हवं होतं. हे मी तेव्हाच मनात म्हणालो. सगळ्यात आधी हेच म्हणालो.

सर खाली वाकले. ही कशी घेत होतात?

"रोज की. सकाळच्या च्यासंगं."

"अहो, ही आठवड्यातून एकदाच घ्यायची. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. तिला तोंड उघडता येत नव्हतं. तरी बोलली.

"सांगितलं हुतं. ह्यानं समदं सांगितलं हुतं. मीच इसरले."

आता मी बोलणार, असं वाटलं. जीभ टाळूला लावलीसुद्धा. तेवढ्यात सर सिस्टरना रक्ताच्या तपासण्या सांगू लागले. मध्ये कसं बोलायचं. मग ट्रॉली आली. मग मावशीला नेलं.

मी खोटं बोललो नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. मी काहीच बोललो नाही.

अठरा तारखेचा फोन तेव्हा आठवला. तोंड येणं, निळे डाग. प्रश्न तोच होता, मार्क मिळालेला. फक्त या खेपेला तो वरकुट्याच्या भाषेत विचारला होता.

२३ सप्टेंबर, मंगळवार

रिपोर्ट वाईट. पांढऱ्या पेशी फार खाली. प्लेटलेटही. सर शंभूराजला म्हणाले, पुढचे काही दिवस धोक्याचे आहेत, आता साधा संसर्गसुद्धा झेपणार नाही. शंभूराज माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, तू हायस म्हून धीर हाय."

या गोळीवर उताऱ्याचं इंजेक्शन असतं. मेडिकलमध्ये थोडंच शिल्लक होतं. मी म्हणालो, मी आणतो. कुणी मला जा म्हटलं नव्हतं. गाडी काढली.

दोन-तीन दुकानं बघितली. नव्हतं. मग भिगवणकडं निघालो. असलं इंजेक्शन भिगवणला मिळणार नाही हे मला माहीत आहे. तरी गेलो. तिथून हायवेनं डाळजपर्यंत गेलो. डाळजला तर काय मिळणार. रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा घेतला. पुढ्यात सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्या. परत जायला पाय उठेना. फोन सायलेंटवर होता. मीच केला होता.

दुपार कलल्यावर परत बारामतीत येऊन एका मोठ्या दुकानात विचारलं. आपल्या हॉस्पिटलपासून जवळच आहे. होतं त्यांच्याकडं. घेऊन धावत वर गेलो. घाम आला होता, तो बरा दिसत होता.

वैष्णवी सिस्टर म्हणाल्या, अहो, त्याच दुकानातून सकाळीच मागवलं. दोन डोस गेलेसुद्धा. मग म्हणाल्या, तुम्ही कुठं होता? मावशी तुम्हाला विचारत होत्या.

पिशवी परत खाली नेली. वेळ कुठं गेला ते आज लिहीत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

मावशी वेगळ्या खोलीत. दाराच्या काचेतून बघितलं. ती इतकी लहान कधी दिसली नव्हती.

आई आली सणसरहून. दादाही. दादा कॉरिडॉरमध्ये एका अनोळखी माणसाला सांगत होते की आमचा मुलगा बघतोय, काळजी नाही. आईनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तू हितं असताना असं कसं झालं रं?"

मी म्हणालो, मावशी विसरली.

म्हणजे परवा फक्त गप्प होतो. आज माझ्या तोंडानं म्हणालो.

आईनं काचेतून आत बघितलं. म्हणाली, "कुशी? आख्ख्या भावकीतली पोरं कुठल्या सालात, कुठल्या पिकाच्या दिवसांत जन्मली ते तिला तोंडपाठ हाय. कुशी इसरत न्हाय."

मी म्हणालो, वय होतं आई. आईनं माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली.

उद्या भाषणात सगळं सांगणार. सर्वांसमोर. शेवटच्या स्लाइडला. हे पक्कं. हा अभिमानाचा प्रश्न आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हॉल भरला होता. नर्सिंगच्या मुली, डॉक्टर, गावातले केमिस्ट. बॅनरवर टिंब होतं.

बोललो. चांगलं बोललो. हिरवं चक्र आलं तेव्हा टाळ्या वाजल्या. मला वाटलं होतं की त्या टाळ्यांनी सांगायला धीर येईल. उलट झालं. टाळ्या वाजवलेल्या माणसांना कसं सांगायचं.

शेवटची स्लाइड आली. तिच्यावर 'धन्यवाद' लिहिलं होतं. मी धन्यवाद म्हणालो.

मग रणजित सर उठले. म्हणाले, सुयोगसारखी माणसं जीव तोडून सांगतात, पण पेशंट विसरतात, ही आपली खरी अडचण आहे. आज वर आपल्याकडं एक बाई आहेत. आठवड्याची गोळी त्यांनी रोज घेतली. सविस्तर सांगूनसुद्धा. आपल्या लोकांत अजून ही जागरूकता नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी च्च् च्च् केलं.

मग मला शाल आणि नारळ.

त्याच वेळी वर मावशीला प्लेटलेट चढत होत्या.

लिफ्टमध्ये आरसा आहे. जिन्यानं उतरलो. शाल काढून डिकीत टाकली. नारळ तिथंच गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला दिला. तो म्हणाला, अभिनंदन डॉक्टर. आजच म्हणायचं होतं त्याला.

घरी वृषालीला सगळं सांगितलं. आठ तारखेपासूनचं. ती वह्या तपासत होती, थांबली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, मावशीनं तुझ्यासाठी खोटं बोलून आज चौथा दिवस आणि तू मला सांगतोयस? मी काय रणजित सर आहे?

मी म्हणालो, नोकरी गेली तर? ती म्हणाली, मावशी गेली तर?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी ओपीडीच्या आधी सरांच्या केबिनमध्ये गेलो. आधी वाक्य तयार केलं होतं, 'संवादात एक त्रुटी राहिली.' ते निघालंच नाही. म्हणालो, सर, मावशीला मी सांगितलंच नव्हतं. फोनवर बाहेर गेलो होतो. आणि तोंड आलंय म्हणून तिनं मला फोन केला, तेव्हा मी तिला गुलकंद खा म्हणून सांगितलं.

सरांनी पेनचं टोपण लावलं.

"हे तुम्हाला काल माहीत होतं?"

"हो सर."

"काल मी त्या बाईवर ढकललं. भरल्या हॉलमध्ये. आणि तुम्ही शाल पांघरून शेजारी उभे होता."

मी म्हणालो, सर, मला काढून टाका. सर म्हणाले, काढलं की तुमची सुटका. त्या बाईंच्या सोललेल्या तोंडाची काय सुटका? उठा.

ते पुढं, मी मागं. मावशीच्या खोलीबाहेर मास्क, गाऊन घातले. सर आत जाऊन खाटेपाशी उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. म्हणाले, बाई, मी काल लोकांपुढं तुम्हाला विसराळू म्हणालो. चूक आमची होती.

मावशी घाबरली. उठायला बघत होती. जीभ अजून जड होती. म्हणाली, "आवो डाक्टर, हात कशापायी... पोरगं हाय. फोन आला म्हून भायेर गेलं. मी बी थांबाया पायजे हुतं. टेम्पोत माल तापत हुता."

मग माझ्याकडं वळली. "सांगितलंस व्हय? बरं केलंस. माझ्याच्यानं ते लई दिस पेललं नसतं."

मी म्हणालो, मावशी, तू खोटं का बोललीस? ती म्हणाली, "तुझं त्वांड बघितलं. पयलीत पाटी फोडून आला हुतास तवा असंच हुतं."

मग छताकडं बघत म्हणाली, "पर त्या दिशी फोन केला तवा मातर वाईट वाटलं. तू ऐकतच न्हवतास."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मास्क होता म्हणून माझा चेहरा दिसला नाही. गाऊनच्या बाहीनं डोळे पुसले. वैष्णवी सिस्टर म्हणाल्या, ती बाही आता स्वच्छ राहिली नाही, बाहेर जा, दुसरा गाऊन घालून या. बाहेर गेलो. लगेच आत जाववलं नाही.

सर जाताना म्हणाले, चूक कमिटीपुढं जाईल, नावासकट. आणि इथून पुढं तुम्ही पेशंटला जे सांगाल ते सिस्टरच्या समोर. तो ऐकेल, त्या ऐकतील. मी म्हणालो, किती दिवस? सर म्हणाले, मी सांगेपर्यंत.

आईला मीच सांगितलं. दादांनाही. दादा म्हणाले, गावात नको बोलू. पहिल्यांदाच मी त्यांचं ऐकायचं नाही असं ठरवलं. अजून बोललेलो नाही. पण ठरवलंय.

३० सप्टेंबर, मंगळवार

पेशी वर चढतायत. आज मावशीनं मऊ भात खाल्ला. तूप घालून. तीन चमचे खाऊन म्हणाली, दवाखान्यातल्या भाताला चव न्हाय. सर म्हणाले, चव कळायला लागली, म्हणजे तोंडातल्या जखमा भरून आल्या.

मी खोलीच्या बाहेर स्टुलावर बसून असतो. मधूनमधून खालून मेडिकलचा फोन येतो. फ्रीजचं टेंपरेचर. जातो, बघतो, येतो.

कमिटीपुढं उभा राहिलो. सगळं सांगितलं. लेखी समज मिळाली. एका डॉक्टरांनी विचारलं, त्या भाषणातला सत्तर टक्क्यांचा आकडा कुठून आणला होता? मी म्हणालो, तोंडातून आला. त्यांनी ते लिहून घेतलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा कालच झाला. मावशीला आज घरी सोडलं. ती गोळी बंद, आता दुसरं औषध. सर म्हणाले, सांगा.

खाटेवर बसलो. फोन सिस्टरच्या टेबलावर ठेवून आलो होतो. वैष्णवी सिस्टर उभ्या. शंभूराज शेजारी. मी म्हणालो, मावशी, ही पांढरी गोळी सकाळी जेवून. रोज एक. ती जुनी पिवळी घरात राहिली असेल तर कुणी घ्यायची नाही, शंभूराजनं ती मला आणून द्यायची. तोंड आलं, ताप आला, डाग आले, तर त्याच दिवशी इथं यायचं. आता तू मला सांग काय सांगितलं ते.

मावशीनं सगळं बरोबर सांगितलं. मग माझ्याकडं बघत राहिली.

"येवढंच?"

"एवढंच."

"मग त्या दिशी का न्हाय सांगितलंस रं? येवढ्याला मी थांबले असते की."

सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. शंभूराज पिशवी बांधत होता. मी खाली वाकून तिच्या चपला पुढं सरकवल्या. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या घातल्या. आधाराला ठेवला असेल. बोटं अजून नीट मिटत नाहीत.

संध्याकाळी शंभूराजचा फोन. वरकुट्यात मावशीनं सांगितलंय की सुयोगमुळं वाचले. लोक भेटायला येतायत, माझा नंबर मागतायत. मी म्हणालो, अरे, खरं सांग त्यांना. तो म्हणाला, सांगितलं की दादा. तर म्हणत्यात, बगा, येवढा मोठा डाक्टर आन किती नम्र.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज डाळजच्या एका आजोबांचा डिस्चार्ज. रक्त पातळ करायची गोळी. सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या. फोन बंद. आजोबांना सगळं सांगितलं: केव्हा घ्यायची, चुकली तर काय करायचं, कुठल्या दुखण्याच्या गोळ्या हिच्यासोबत घ्यायच्या नाहीत. सोप्या शब्दांत. नीट. मलाच माझं बरं वाटलं. सांगा बघू काय कळलं, म्हणालो.

आजोबांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागं सिस्टरकडं बघितलं.

"बाई, खरं सांगतुया का ह्यो?"

सिस्टरनी मान हलवली. तेव्हा कुठं त्यांनी गोळ्या खिशात घातल्या.